न आवडणाऱ्या माणसांच्या मालिका आवडीने कशा पाहाव्यात

‘यात एकही माणूस धड नाही, मग पाहायचे तरी कोणासाठी?’ अशी तक्रार करून अर्धवट सोडलेल्या मालिका बहुतेक घरांत निघतील. मालिका चांगली आहे असे चार जाणकारांनी सांगितलेले असते, अभिनय उत्तम आहे हे दिसतही असते, पण मध्यवर्ती माणूस खोटारडा, क्रूर, लोभी किंवा नुसताच असह्य असल्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या भागानंतर मन उठते. ही तक्रार चुकीची नाही. दिवसभराची नोकरी आणि विरार किंवा कल्याणपर्यंतचा लोकलचा प्रवास संपवून घरी आलेल्या माणसाने रात्रीचा एक तास कोणाच्या सहवासात घालवायचा, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे. तरीही गेल्या पंचवीस वर्षांत पडद्यासाठी झालेले काही सर्वोत्तम लेखन अशाच माणसांविषयी आहे, आणि ते केवळ सहवास नको वाटतो म्हणून हातचे जावे, हे मला खरोखर वाईट वाटते. पाहण्याची पद्धत थोडी बदलली, तर या मालिकांतून मिळणारा आनंद मोठा आणि टिकाऊ आहे. ती पद्धत थोडक्यात अशी: मधल्या माणसाच्या जितके जवळ मालिका नेईल तितके जावे, पण त्याच्या कृत्यांची किंमत कोण मोजत आहे, यावरची नजर हटू देऊ नये.

आधी सवयीविषयी थोडे बोलले पाहिजे. संध्याकाळच्या दैनंदिन मालिकांनी आपल्याला बाजू वाटून दिलेल्या पाहण्याची सवय लावली आहे. सोसणारी नायिका कोण आणि तिच्या वाटेत काटे पेरणारी कोण, हे पार्श्वसंगीतच सांगून टाकते आणि प्रेक्षकाला निवाडा करण्याचे काम उरत नाही. पण ही सवय आपल्या एकूण परंपरेच्या मानाने फार अलीकडची आणि फार अरुंद आहे. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला सुधाकर १९१९पासून रंगभूमीवर आपल्या संसाराची राखरांगोळी करत आला आहे आणि तरीही तो प्रेक्षकाला परका वाटत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा टाकून दिलेल्या बायकांना घरी आणून स्वतःच्या अटींवर ठेवणाऱ्या त्या माणसासाठी परिनिरीक्षण मंडळाशी झगडावे लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. प्रेक्षकांनी मात्र तिकीट काढून नीलू फुल्यांचा सखाराम पाहिला. त्याहून फार मागे गेले, तर भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्र, भयानक आणि बीभत्स हे रसच आहेत, म्हणजे आस्वादाचे विषय आहेत. आपल्या अंगणात जे घडलेले सहन होणार नाही, ते रंगमंचावर आपल्या लाभहानीपासून सुटे होऊन समोर येते आणि म्हणूनच ते नीट न्याहाळता येते, हा विचार नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताच्या काळापासून आपल्याकडे मांडलेला आहे. तेव्हा वाईट माणूस रस घेऊन पाहणे यात मराठी प्रेक्षकाने अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही.

सुरुवात कोणत्या मालिकेपासून करावी

मुंबईकर मराठी प्रेक्षकाने आरंभ ‘स्कॅम १९९२’पासून करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये सोनी लिव्हवर आली, तिचे दहाच भाग आहेत आणि गोष्ट त्यांतच पूर्ण होते. दलाल स्ट्रीट, घाटकोपरमधले लहान घर, वरळीचा समुद्र, वर्तमानपत्राची कचेरी, हे सगळे आपल्या पायाखालचे आहे, त्यामुळे परक्या जगाशी ओळख करून घेण्यात शक्ती खर्च होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेअर दलाल हर्षद मेहताच्या बरोबरीने सुचेता दलाल या पत्रकाराचा धागा मालिकेत शेवटपर्यंत चालतो. प्रतीक गांधींचा हर्षद इतका लाघवी आहे की पाहणारा त्याच्यामागे वाहवत जातो; श्रेया धन्वंतरींची सुचेता दर थोड्या वेळाने येऊन पैसा कुठून आला ते विचारते. नवख्या प्रेक्षकाला असा प्रश्न विचारणारा माणूस कथेच्या आतच असणे फार उपयोगी पडते.

त्यानंतर ‘सेक्रेड गेम्स’चे २०१८ मधले पहिले पर्व पाहावे. विदेशी मालिकांत ‘ब्रेकिंग बॅड’ आधी आणि ‘द सोप्रानोज’ नंतर घ्यावी. ‘सक्सेशन’पासून मात्र कोणीही सुरुवात करू नये. तिचे पहिले चार-पाच भाग परीक्षा पाहणारे आहेत, आणि अशा मालिकांची सवय नसलेला प्रेक्षक तिथेच कायमचा दुरावतो.

निवड करताना आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे मधला माणूस कोणत्या जातकुळीचा आहे. काही मालिकांत तो आपल्या डोळ्यांसमोर घसरत जातो. ‘ब्रेकिंग बॅड’मधला वॉल्टर व्हाइट पहिल्या भागात पन्नाशीचा, परिस्थितीने गांजलेला रसायनशास्त्राचा शिक्षक आहे, शाळा सुटल्यावर गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो, आणि फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो. अशा कथेत आपण कोणत्या पायरीपर्यंत त्याच्याबरोबर उतरलो, हे पाहणे हाच मुख्य आस्वाद असतो. काही मालिकांत माणूस सुरुवातीलाच पुरता बिघडलेला असतो. ‘द सोप्रानोज’मधला माफिया टोळीचा म्होरक्या टोनी सोप्रानो किंवा ‘रात्रीस खेळ चाले’मधले घरादारावर दरारा गाजवणारे अण्णा नाईक कधी काळी चांगले होते, असा दावा कोणी करत नाही, तिथे तो सुधारेल का, ही वाट पाहत बसलात तर निराश व्हाल, आणि त्याच्या सत्तेखाली घर कसे चालते हे पाहाल तर एकेक प्रसंग उलगडत जाईल. तिसऱ्या प्रकारात सगळे कुटुंबच एका माळेचे मणी असते. बापाच्या उद्योगसाम्राज्याच्या वारशासाठी भांडणाऱ्या भावंडांच्या ‘सक्सेशन’मध्ये बाजू घेण्याजोगा माणूस शोधणे व्यर्थ आहे. तिथे कोण कोणाला ताटकळत ठेवतो, वाक्य अर्धवट कोण तोडतो, बाप खोलीत आल्यावर चारही भावंडांचे चेहरे कसे बदलतात, हे पाहायचे असते. एका प्रकारची अपेक्षा दुसऱ्या प्रकाराकडून केल्यामुळे बरेचसे अपेक्षाभंग होतात.

पहिली काही मिनिटे

या मालिकांचा आरंभ विशेष लक्ष देऊन पाहावा, कारण त्यांतल्या अनेकींचे लेखक माणसाचे पतन आधीच सांगून टाकतात. ‘स्कॅम १९९२’ सुरू होते ती स्टेट बँकेतला एक कर्मचारी वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन घोटाळ्याची माहिती देतो तिथून. हर्षदचे चढते दिवस त्यानंतर येतात. ‘सेक्रेड गेम्स’मधला टोळीप्रमुख गणेश गायतोंडे पहिल्याच भागात मरतो आणि मग आठही भाग आपली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतो. ‘ब्रेकिंग बॅड’च्या पहिल्या दृश्यात वॉल्टर वाळवंटात अर्ध्या कपड्यांनिशी उभा आहे आणि दुरून भोंगे ऐकू येत आहेत. ‘रात्रीस खेळ चाले’ची २०१६ मधली पहिली मालिका तर अण्णांच्या मृत्यूनेच सुरू झाली होती, आणि जिवंतपणीचे अण्णा माधव अभ्यंकरांच्या रूपाने सविस्तर दिसले ते २०१९ च्या दुसऱ्या पर्वात.

ही रचना प्रेक्षकासाठी केलेली सोय आहे. ‘याचे पुढे काय होणार?’ ही धास्ती काढून घेतली की मन ‘हे असे कसे झाले?’ या प्रश्नाकडे वळते, आणि दुष्ट माणसाच्या जवळ बसण्याचे बळ त्या प्रश्नातून येते. म्हणून पहिल्या भागाच्या वेळी हातात मोबाइल नसावा. आरंभीचे दृश्य लक्षात ठेवून पुढचे पाहिले, तर हर्षदच्या वैभवाच्या प्रत्येक दृश्यावर त्या कचेरीतल्या संभाषणाची सावली पडत राहते, आणि त्या वैभवाने डोळे दिपले तरी भान सुटत नाही.

जवळ जावे, पण बाजू कोणाची घेतली ते तपासावे

मरे स्मिथ या अभ्यासकाने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक फरक मांडला आहे, जो अशा मालिका पाहताना फार कामाला येतो. एखाद्या पात्राबरोबर आपण फिरतो, त्याला जे कळते तेच आपल्याला कळते, त्याच्या घरात आणि मनात आपल्याला प्रवेश असतो. ही झाली सोबत. त्या पात्राचे वागणे आपल्याला योग्य वाटते, त्याचे भले व्हावे असे वाटते. ही झाली निष्ठा. सोबत लाभली की निष्ठा आपोआप जडते, इतकी की दोहोंमधला फरक आपल्या ध्यानातही येत नाही. या मालिकांचे लेखक नेमक्या त्या जागेवर काम करतात. ते सोबत भरपूर देतात आणि निष्ठा ठेवावी की नाही, हे प्रेक्षकावर सोपवतात.

हे कसे घडते याचे सर्वांत बोलके उदाहरण स्कायलर व्हाइटचे आहे. स्कायलर ही वॉल्टरची बायको. नवरा खोटे बोलत आहे हे तिला कळते, ती विचारणा करते, मुलांना त्याच्यापासून वाचवू पाहते. कोणत्याही शहाण्या बाईने जे केले असते, तेच ती करते. पण कॅमेरा वॉल्टरबरोबर असल्यामुळे असंख्य प्रेक्षकांना ती त्याच्या वाटेतला अडथळा वाटली, तिच्याविषयी इतका द्वेष व्यक्त झाला की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्याविषयी लेख लिहावा लागला. लक्षावधी सज्जन माणसे एका गुन्हेगाराच्या बाजूने त्याच्या बायकोवर रागावली होती. मालिका पाहताना स्कायलरचा राग येऊ लागला, तर तो दाबू नये. तो का आला, हे स्वतःला विचारावे. मला वाटते, या संपूर्ण मालिकेतला सर्वांत मोलाचा अनुभव त्या एका प्रश्नात आहे.

यासाठी एक साधी रीत आहे. मालिका सुरू करतानाच मधल्या माणसाच्या आसपासचे एक माणूस निवडावे आणि शेवटपर्यंत त्याचा माग ठेवावा. प्रत्येक भाग संपल्यावर, पुढचा सुरू करण्याआधी, मनाशी तीनच गोष्टी पाहाव्यात: आज या माणसाचे काय गेले, ते कोणामुळे गेले, आणि मालिका ते नुकसान दाखवायला थांबली की पुढे निघून गेली. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये मी जितेंद्र जोशींच्या काटेकरची निवड करायला सांगेन. हा हवालदार आपल्या ओळखीचा आहे. त्याचे घर, त्याची बायको शालिनी, त्याची भाषा, हे सगळे मराठी प्रेक्षकाला वाचता येते. तो काही संत नाही, त्याचेही पूर्वग्रह आहेत. पण गायतोंडे स्वतःविषयी जे भव्य बोलतो आणि काटेकरच्या वाट्याला जे येते, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की गायतोंड्याच्या निवेदनातला फुगारा आपोआप दिसू लागतो. स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारा माणूस काय गाळतो, याकडे लक्ष देणे ही अशा मालिकांत प्रेक्षकाची अर्धी कमाई असते. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये हेच काम अण्णांच्या बायकोकडे, माईंकडे पाहून होते. अण्णांच्या दराऱ्याचे संवाद सगळ्यांच्या लक्षात राहिले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माई काय ऐकत होत्या, हे पाहत गेलो की त्याच प्रसंगांचे वजन बदलते.

त्याचबरोबर सबबींवर नजर ठेवावी. जवळपास प्रत्येक मधल्या माणसाकडे एक सबब असते, आणि चांगला लेखक ती एका विशिष्ट भागात काढून घेतो. ‘हे सगळे घरच्यांसाठी’ ही वॉल्टरची सबब पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागातच कोसळते: पूर्वीचे श्रीमंत सहकारी त्याच्या उपचारांचा सारा खर्च उचलायला तयार होतात आणि तो अभिमानापोटी नकार देतो. त्यानंतरची सत्तावन्न भागांची वाटचाल ही गरजेपोटी झालेली नाही. हा क्षण ज्याने टिपला, तो पुढची मालिका वेगळ्याच डोळ्यांनी पाहतो, आणि वॉल्टरला स्वतःबद्दलचे सत्य कबूल करायला किती काळ लागतो, याची त्याला उत्सुकता राहते.

‘द सोप्रानोज’मध्ये हा क्षण १९९९ मधल्या पहिल्या पर्वाच्या पाचव्या भागात येतो. टोनी मुलीला महाविद्यालये दाखवायला घेऊन गेला आहे, बापलेकीचे मनमोकळे बोलणे चालले आहे, आणि त्याच प्रवासात तो एका जुन्या खबऱ्याला शोधून स्वतःच्या हातांनी गळा आवळून मारतो. प्रेक्षक यापुढे टोनीला स्वीकारणार नाहीत, अशी भीती वाहिनीच्या वरिष्ठांना वाटली होती. मालिकेचे कर्ते डेव्हिड चेस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले आणि त्या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला. मला या भागात सर्वांत जास्त जाणवते ते असे की प्रेमळ बाप आणि खुनी ही टोनीची दोन रूपे नाहीत. तो एकच माणूस आहे, एकाच दिवशी, एकाच कोटात. आपल्या मनातली ‘तसा तो माणूस चांगला आहे’ ही पळवाट तिथे बंद होते.

त्याच मालिकेत त्याची बायको कार्मेला तिसऱ्या पर्वात एका मानसोपचारतज्ज्ञाकडे सल्ल्याला जाते. तो तिला नवऱ्याला सोडायला सांगतो आणि तिच्याकडून शुल्क घ्यायला नकार देतो, कारण तो पैसा कुठून आला आहे हे त्याला ठाऊक आहे. काही मिनिटांचे ते दृश्य आहे. किंमत कोण मोजतो या प्रश्नाला तिथे जोडप्रश्न मिळतो: फायदा कोण घेतो? घरातला फ्रीज, मुलांचे शिक्षण, गळ्यातला दागिना, या सगळ्यांकडे त्यानंतर साध्या वस्तू म्हणून पाहता येत नाही. सोसणारी माणसे सगळीच निष्पाप असतात, अशी दैनंदिन मालिकांनी करून दिलेली समजूतही तिथे सुटते.

किती पाहावे, कुठे पाहावे, कोणाबरोबर पाहावे

एका बैठकीत एक भाग, फार तर दोन. ‘द सोप्रानोज’चे ८६, ‘ब्रेकिंग बॅड’चे ६२ आणि ‘सक्सेशन’चे ३९ भाग मुळात आठवड्याला एक या गतीने प्रक्षेपित झाले आहेत आणि लेखनही त्या गतीचे आहे. भाग संपल्यावर काही काळ अस्वस्थ राहण्याची जागा त्यात धरलेली आहे. सलग सहा भाग पाहिले, की पहिल्या भागातला खून सहाव्या भागापर्यंत केवळ कथानकाचा एक टप्पा उरतो. म्हणून पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. ‘नेटफ्लिक्स’वर ती प्रत्येक प्रोफाइलसाठी वेगळी बंद करता येते.

लोकलमध्ये मोबाइलवर मालिका पाहणे ही मुंबईत सर्वांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे, आणि विनोदी किंवा वेगवान मालिकेला ते चालतेही. या मालिकांना मात्र ते सहसा मानवत नाही. दादरला उसळलेल्या गर्दीत चेहऱ्यावरचा बारीक बदल दिसत नाही, आणि ‘सक्सेशन’सारख्या मालिकेत चार माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलत असताना उद्घोषणा कानावर आली, की धागा सुटलाच. प्रवासातच पाहायचे असेल, तर आधी घरी पाहिलेला भाग दुसऱ्यांदा पाहावा. इंग्रजी मालिका पाहताना उपशीर्षके लावण्यात कमीपणा मानू नये.

घरात एकच टीव्ही असेल, तर प्रेक्षक निवडणे आपल्या हाती नसते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा सेवांना प्रत्येक मालिकेवर वयोगट दाखवावा लागतो आणि तेरा वर्षांवरील वयोगटांच्या आशयासाठी पालकांना कुलूप घालता येईल अशी सोय द्यावी लागते. वर नावे घेतलेल्या वेब मालिका मुलांनी पाहण्याच्या नाहीत. ते कुलूप घालून ठेवावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर पाहण्याविषयी मात्र माझे मत प्रचलित मतापेक्षा वेगळे आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ चालू असताना बायकोला, राधिकेला, फसवणारा गुरुनाथ पडद्यावर आला की ‘मेल्याला लाज कशी वाटत नाही!’ म्हणणाऱ्या आजीला पुष्कळ घरांत हसत असत. हसू नये. आजी कथेत पूर्ण रमलेली असते आणि तरीही तिचा हिशेब पक्का असतो; गुरुनाथचा प्रसंग कितीही गमतीदार असला, तरी राधिकेचे काय गेले हे ती विसरत नाही. आपण ज्याला सुजाण प्रेक्षकत्व म्हणतो, त्यात हीच गोष्ट हरवण्याचा धोका अधिक असतो. ‘पात्र गुंतागुंतीचे आहे’ असे म्हणून आपण कृत्याचा निवाडाच टाळतो. आजीचा निवाडा आणि आपले कुतूहल एका खोलीत बसले, तर दोघांचेही पाहणे सुधारते. भाग संपल्यावर ‘तुला तो आवडला का?’ असे विचारण्यापेक्षा ‘त्याने तेव्हा काय करायला हवे होते?’ असे विचारावे. बोलणे लांबते आणि घरातली माणसे एकमेकांना नव्याने कळतात.

खऱ्या माणसांवरच्या मालिका

मधला माणूस खरा असेल, तर प्रेक्षकाची जबाबदारी वाढते आणि या बाबतीत मी कठोर आहे. हर्षद मेहताची मालिका आल्यावर तिचे संगीत जिथे तिथे वाजू लागले आणि त्याला धाडसाचा आदर्श मानणाऱ्यांचीही उणीव राहिली नाही. त्याच्या काळात एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव सुमारे २०० रुपयांवरून सुमारे ९,००० रुपयांपर्यंत चढला, हे पाहताना छाती फुगते. पण तो चढायला पैसा कुठला होता? बँका सरकारी रोख्यांच्या आधारे एकमेकींना अल्प मुदतीचे पैसे देत असत आणि दलाल मध्यस्थी करत असे. प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक पावती’ देण्याची पद्धत रूढ झालेली होती. रोखे हाती नसतानाही काही लहान बँकांनी अशा पावत्या दिल्या, त्यांच्या बळावर मोठ्या बँकांचा पैसा दलालाच्या हाती आला आणि तिथून शेअर बाजारात गेला. एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांच्या बातमीने प्रकरण उघड झाले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीच्या हिशेबानुसार सुमारे ४,००० कोटी रुपयांची तूट निघाली. पोकळ पावत्या देणाऱ्यांत ‘बँक ऑफ कराड’ होती, आणि ती बँक त्याच वर्षी बुडाली. दलाल स्ट्रीटवरच्या जल्लोषाचा दुसरा काठ सातारा जिल्ह्यात होता. मालिका पाहण्याआधी किंवा पाहून झाल्यावर एवढे वाचून घ्यावे. हर्षदचा मोह त्याने कमी होत नाही. तो किती मोठा होता आणि कोणाच्या जिवावर होता, हे मात्र दिसते.

‘देवमाणूस’सारख्या मालिकेबाबत हे भान आणखी हवे. २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेवर वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याप्रकरणाची छाया आहे. किरण गायकवाड यांचे काम प्रभावी होते, यात शंका नाही. पण जिथे मेलेल्या माणसांचे नातलग अजून हयात आहेत, तिथे खुन्याच्या हुशारीचे कौतुक करताना जीभ आवरती घ्यावी.

सोडून केव्हा द्यावी

वाईट माणसाची प्रत्येक मालिका चांगली नसते, आणि खोल काहीतरी असेल या आशेने कंटाळा सोसत राहण्याचे कारण नाही. चार भाग पाहावेत. तोपर्यंत बळी पडणाऱ्या माणसांना नाव, घर, इच्छा असे काहीच मिळाले नसेल, तर मालिकेला त्यांच्यात रस नाही आणि पुढेही नसणार. क्रौर्य पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडे वाढवून दाखवले जात असेल पण त्यामुळे कोणाच्या वागण्यात काहीच बदल होत नसेल, तर ती मालिका धक्क्यावर चालली आहे.

दैनंदिन मालिकांना इथे एक जन्मजात अडचण आहे. मालिका किती काळ चालणार, हे लोकप्रियता ठरवते. लोकप्रियता खलपात्राची असेल, तर त्याला शिक्षा होणे म्हणजे मालिका संपणे. म्हणून गुन्हा पकडला जाण्याची वेळ येते, टळते, पुन्हा येते, पुन्हा टळते, आणि दर टळण्याबरोबर गुन्ह्याचे वजन घटते. आपल्याकडची काही चांगली सुरुवात झालेली खलनायककेंद्री कथानके याच कारणाने पुढे पातळ झाली. त्यांचे आरंभीचे महिने मनापासून पाहावेत आणि ताणणे सुरू झाले की निःसंकोच निरोप घ्यावा.

ज्या घरात मारहाण, व्यसन किंवा फसवणूक खरोखर घडून गेली आहे, त्या घरातल्या माणसाला यातले काही पाहवले नाही, तर त्याला ‘हे तर नाटक आहे’ असे कोणी समजावू नये. सुटे होऊन पाहता येण्यासाठी मुळात अंतर हवे, आणि ते सर्वांना सारखे मिळालेले नसते.

शेवटाची अपेक्षा

शिक्षा होईल या एकाच आशेने पाहत राहिलेला प्रेक्षक शेवटी बहुधा रुष्ट होतो. १० जून २००७ रोजी ‘द सोप्रानोज’चा अखेरचा भाग प्रक्षेपित झाला, तेव्हा पडदा एकाएकी काळा झाला आणि अनेकांना आपली केबल गेली असे वाटले. टोनीचे काय झाले, यावर आजही वाद चालतात. ज्यांनी मालिका अजून पाहिलेली नाही त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा, पण माझ्या मते निवाडा त्याच्या आधीच्या भागात होऊन गेलेला असतो. टोनीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मेल्फी यांनी इतकी वर्षे त्याचे सगळे ऐकून घेतलेले असते. आपल्या ऐकण्याने तो सुधारला नाही, उलट त्याला बळच मिळाले असावे, हे त्यांना उमगते आणि त्या त्याच्यासाठी दार बंद करतात. प्रेक्षकाची जागा पहिल्या भागापासून मेल्फींच्या खुर्चीशेजारीच होती. त्यामुळे काळ्या पडद्याचा अर्थ शोधणारे लेख वाचत बसण्यापेक्षा थेट पहिल्या पर्वाकडे परत जावे आणि त्या दोघांच्या बैठकीची दृश्ये तेवढी ओळीने पाहावीत, टोनी काय बोलतो यापेक्षा मेल्फी कोणत्या क्षणी बोलायच्या थांबतात इकडे लक्ष ठेवून.